दिव्याची शिकवणी

पोफळवण्याच्या खाडीत बुडायचं तर फार मेहनत घ्यावी लागते, असं अक्का पर्यटकांना सांगायची. ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं, खाली मऊ चिखल आणि दोन्ही बाजूंना धरायला कांदळाची मुळं. "कोणाक बुडाचाच आसात तर आधी सांगा, जागा दाखवतंय," असं ती म्हणाली की पुण्या-नाशिकची माणसं हसायची आणि लाईफ जॅकेटचे पट्टे सैल सोडायची. मग अक्काच एकेकाजवळ जाऊन ते पट्टे आवळायची. कारण खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा होता, आणि दांड्यापलीकडे ओहोटीचं पाणी माणूस असो की होडी, काही न विचारता घेऊन जायचं.

अक्काचं खरं नाव हर्षदा. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही. का केलं नाही हे विचारायची गावात कोणाची टाप नव्हती. तिचे वडील समुद्रातल्या खडकांवरचे शिनाणे, म्हणजे ते हिरवट काळे शिंपले, बुडी मारून काढायचे. मुलगा पाण्याला भ्यायचा म्हणून त्यांनी ती विद्या मुलीला दिली. सोळाव्या वर्षी अक्का अडीच मिनिटं पाण्याखाली राहायची आणि वर आल्यावर धापाही टाकायची नाही. तो भित्रा मुलगा पुढे जहाजावर नोकरीला लागला (देवाला थट्टा करायची असली की तो अशी करतो) आणि त्याची बायको वृषाली या घरात आली.

नणंद-भावजयीचं पटतं म्हटलं की लोकांना आधी विश्वास बसत नाही आणि मग वाईट वाटतं. या दोघींचं पटायचं. नवरा वर्षातले नऊ महिने पाण्यावर, त्यामुळे वृषालीचा संसार म्हटला तर अक्काशीच झालेला. गावातल्या अकरा बायकांनी मिळून कयाकचा गट काढला तेव्हा वाटणी आपोआप झाली. पाणी अक्काकडे, कागद, फोन आणि परवाने वृषालीकडे.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक नवा सरकारी कागद आला. येत्या जानेवारीपासून कयाकवाल्यांच्या प्रत्येक लाईफ जॅकेटवर आणीबाणीचा दिवा हवा. दोन प्रकारचे दिवे मंजूर झालेले, त्यातला एक गटाने निवडून कळवायचा. साधा दिवा घेतला तर कांदळवनाच्या आतच फिरायचं, दांड्यापर्यंत जायचं असेल तर दुसरा. वृषालीला वाटलं, दिवाच तर आहे, त्यात निवडायचं काय? अज्ञानात सुख असतं म्हणतात ते असं.

*

दिवे दाखवायला ते बनवणाऱ्यांपैकीच मुक्ता देवस्थळी आली. पस्तिशीची, उन्हाने लालबुंद झालेली. शरीरशास्त्र आणि यंत्रशास्त्र दोन्ही शिकलेली. धक्क्यावरच्या प्लॅस्टिकच्या टेबलावर तिने दोन दिवे ठेवले. दोन्ही पेढ्याएवढे.

"हा पहिला. पाणी लागलं की पेटतो, पांढरा. मिनिटाला साठ वेळा लुकलुकतो, आठ तास. बस्स," ती म्हणाली. "आणि हा दुसरा. याची एक पट्टी छातीला चिकटवायची. ती हृदयाचे ठोके ऐकते. त्वचेतून बारीक प्रकाश सोडून रक्तात प्राणवायू किती आहे ते पाहते. अंगाची ऊब आणि श्वासाचा वेग मोजते. आणि या सगळ्यावरून सांगते, की या माणसाकडे शुद्धीवर राहायला अजून किती वेळ आहे."

"म्हणजे मराक किती येळ आसा तां?" अक्काने विचारलं.

मुक्ता जरा गडबडली. "म्हणजे... हो. तासाहून जास्त असेल तर हिरवा, सावकाश लुकलुकतो. त्याहून कमी असेल तर पिवळा. दहा मिनिटांच्या आत आलं की लाल, खूप जलद."

मग तिने कारण सांगितलं. एका ठिकाणी सहलीची होडी उलटली होती, सातजण पाण्यात, सातही पांढरे दिवे सारखेच लुकलुकत होते. सोडवायला गेलेल्यांनी जवळचे आधी उचलले. जवळचे होते ते दणकट होते, अजून दोन तास तरंगले असते. लांब एक मुलगी होती, तिच्याकडे पाच मिनिटं होती. "कोणीच चुकलं नाही हो," मुक्ता म्हणाली, "फक्त कोणाकडे आधी जायचं ते दिव्याने सांगितलं नाही. म्हणून हजारो माणसांना तलावात, टाक्यांत, थंड पाण्यात बसवून आम्ही त्यांची शरीरं वाचायला शिकलो."

बायकांनी तिथल्या तिथे नावं ठेवून टाकली. पहिला येडो, दुसरा शाणो.

मुक्ताने एकेकीला पट्टी लावून ओल्या अंगठ्याने दिवा चालू करून दाखवला. हिरवा, हिरवा, हिरवा. वृषालीचाही हिरवा. मग अक्काची पाळी आली आणि दिवा लाल झाला. लाल म्हणजे असा जलद की डोळ्यांना सोसेना.

मग सगळ्याच हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने अक्का. "चला गो, धा मिंटा रवली माझी. चाय तरी घेऊ दे माका."

मुक्ता मात्र हातातल्या पडद्याकडे बघत होती. "तुम्ही बुड्या मारता का?" तिने विचारलं. अक्काने सांगितल्यावर तिचा चेहरा सैल झाला. तिने समजावून सांगितलं ते असं. माणसाचं तोंड गार पाण्यात गेलं की शरीर काटकसर करतं, हृदय हळू चालवतं, हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. हे सगळ्यांनाच होतं. पण लहानपणापासून जे बुडी मारतात त्यांचं हृदय ही सवय जमिनीवरही सोडत नाही. अक्काचे ठोके मिनिटाला एक्केचाळीस होते. दिव्याला वाटलं ही बाई चालली.

"म्हणजे तुमचो शाणो चुकलो," अक्का खूश होऊन म्हणाली.

"चुकला, कारण तो तुम्हाला ओळखत नाही. एका दिवसाच्या पर्यटकाला तो सरासरीवर वाचतो, पण रोज पाण्यावर असणाऱ्यांसाठी त्याला शिकवावं लागतं. तीन दिवस, तीन रात्री पट्टी छातीला लावून ठेवायची. मग तुमचं नेहमीचं काय ते त्याला कळतं आणि तो एक्केचाळीसला घाबरत नाही. त्या तीन दिवसांचा अहवाल माझ्याकडे येतो, परवान्यालाही तोच जोडला जातो." मग तिने पडदा खाली ठेवला. "पण अक्का, आजारी हृदयही असंच हळू चालतं. बुडीचं हृदय कोणतं आणि आजाराचं कोणतं, हे एका मिनिटात नाही कळत. तीन दिवसांत कळतं."

वृषालीने अक्काकडे बघितलं. अक्काने समुद्राकडे.

*

कारण ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. गणपतीच्या आधी एकदा विहिरीवर आणि नंतर एकदा चुलीपुढे अक्काला घेरी आली होती. दुसऱ्या वेळी ती पडलीच. वृषालीने तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडून पहिलं वाक्य म्हणाली, "कोणाक सांगशीत तर माझ्या गळ्याची आण." डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर उपास घडल्याचं निमित्त सांगितलं. अक्काने आयुष्यात एकादशीसुद्धा कधी धरली नव्हती.

मुक्ता गेल्यावर त्या दिवशी वृषालीचं डोकं भणभणून गेलं. घेरी आली ती आजाराने असेल, तर अक्काला पाण्यात पाठवणं पाप. बुडीचंच हृदय असेल, घेरी पित्ताची असेल, तर उगाच अहवालात काहीतरी निघून परवाना जायचा आणि अक्काला घरात बसवायचं म्हणजे जिवंतपणी पुरणं. इकडे आड, तिकडे विहीर. तिने दोन्ही दिव्यांची माहिती चारदा वाचली. कधी वाटायचं येडाच बरा, पेटतो आणि गप्प बसतो. पण मग ती पाच मिनिटांवाली मुलगी डोळ्यांपुढे यायची. शेवटी तिने शाण्या दिव्यापुढे खूण केली, सही केली आणि निवडल्यावर सुटल्यासारखं वाटेल म्हणून वाट बघत बसली. तसं काही वाटलं नाही.

दिवे आले. बायकांनी हसतखिदळत पट्ट्या लावल्या. अक्कानेही सकाळी लावली, दुपारी जेवताना काढली. "खाज येता गो माका," म्हणत मिठाच्या वाडग्याशेजारी ठेवून दिली आणि जाळं विणायला निघून गेली.

वृषाली त्या पट्टीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. स्वतःच्या दिव्याची शिकवणी तिने सगळ्यांच्या आधी, पहिला दिवा आला त्याच आठवड्यात, उरकली होती. छाती मोकळी होती. तिने ती पट्टी उचलली आणि स्वतःला लावली.

तीन दिवस, तीन रात्री अक्काचा दिवा वृषालीचं हृदय शिकला. अठ्ठ्याहत्तर ठोके, अधूनमधून धडधड, बाकी सगळं ठाकठीक. मुक्ताचा फोन आला, "हर्षदाताईंचा अहवाल छान आहे. आश्चर्यच वाटलं, ठोके चांगलेच वाढलेत." वृषाली म्हणाली, "त्या दिवशी उपास होता तिचा." खोटं बोलायची सवय नसली की ते पहिल्या फटक्यात जमतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"झाली काय गो तेची शिकवणी?" अक्काने चौथ्या दिवशी विचारलं.

"झाली."

"येवढ्यातच? हुशार आसा मेलो."

वृषालीने मनाशी हिशेब मांडला होता. दिवा पेटणार पाणी लागल्यावर. आणि अक्का कशाला पाण्यात पडते? चुकून पडलीच तर माशाला कोण सोडवायला जातं? तरी पुढे कित्येक दिवस, अक्काच्या जॅकेटवरचा तो पेढा दिसला की ती नजर वळवायची. तिला नेमकं काय वाटत होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. आपण अक्काला वाचवलं की फसवलं, हे काही केल्या ठरत नव्हतं.

*

जानेवारीतली ती सकाळ धुक्याची होती. नाशिकचा अनिरुद्ध कुलथे नावाचा एकच पर्यटक होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, पोहण्यात पदकं मिळवलेला. पदकांची गोष्ट त्याने धक्क्यावर एकदा आणि वाटेत दोनदा सांगितली. छातीला पट्ट्या लावून तिघं निघाली, अक्का पुढे, तो मध्ये, वृषाली मागे. दांड्यावर त्याने धुक्याचे फोटो काढण्यात अर्धा तास घालवला आणि तोवर ओहोटी लागली.

परत वळताना दांड्यावर फुटलेली एक लाट आडवी आली आणि त्याची कयाक उलटली. अक्का वळून त्याच्याजवळ गेली. बुडणारा माणूस मिळेल ते धरतो, त्याने अक्काची कयाक एका बाजूने धरली आणि तीही उलटली. वृषालीला यातलं डोळ्यांनी दिसलं ते फक्त पहिलं. बाकीचं धुक्यातून ऐकू आलं. ओरडणं, मग पाण्याचा आवाज, मग पाण्याचाच आवाज.

आणि मग दोन दिवे दिसले. डावीकडे हिरवा, सावकाश लुकलुकणारा. उजवीकडे लाल.

आधी ते जवळजवळ होते. वृषाली वल्हं मारत निघाली तोवर त्यांच्यात अंतर पडायला लागलं. तिच्या कयाकला एकच माणूस ओढून नेता आला असता, आणि ओहोटीच्या पाण्यात दोन फेऱ्या करण्याचं बळ कोणाच्या बापात नसतं.

"अक्काऽऽ!"

ओ आली नाही. डावीकडून मात्र आवाज आला, "मी ठीक आहे! मला पोहता येतं!"

लाल आधी. मुक्ताने ते सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. मनाला काही वाटो, जवळ कोणीही असो, लाल आधी. पण हा लाल कोणाचा? अक्काचा. आणि लाल का? अक्का ठणठणीत आहे, तिचं हृदय गार पाण्यात चाळीसवर आलंय आणि दिवा अठ्ठ्याहत्तर शोधतोय, म्हणून लाल. म्हणजे हा लाल आपण केलेला. पण मग ती ओ का देत नाही? घेरी आली असेल. तर मग लाल खराच. एकाच दिव्यात खरं आणि खोटं एकमेकांत असं कालवलं गेलं होतं, की वेगळं काढणार कसं? आणि कालवलं होतं तिनेच. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. वल्हं हातात होतं म्हणून ती रडली नाही.

जिथे लाल, तिथे तिचं अख्खं आयुष्य होतं. ती उजवीकडे वळलीही. चार हात मारले आणि तेव्हा तिला डावीकडचा आवाज पुन्हा ऐकू आला. छप, छप, छप, जोरात. तो मूर्ख ओहोटीच्या विरुद्ध पोहत होता. पदकं तलावात मिळतात. तलावाला ओहोटी नसते. अशी दणकट माणसं कशी जातात ते अक्कानेच तिला शिकवलं होतं. शेवटच्या क्षणापर्यंत जोरात असतात आणि मग एकदम नसतात.

अक्का पाण्याशी भांडणार नाही. तो भांडतोय.

वृषालीने कयाक डावीकडे घातली. मागे वळून बघितलं तेव्हा लाल दिवा विझला होता.

येडा असो की शाणा, पेटलेला दिवा आठ तास विझत नाही. तिच्या हातातलं वल्हं थांबलं. पुढे हिरवा होता, तिच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला आणि पिवळ्यावर पुरता एक श्वासही न टिकता लाल झाला. छपछप थांबली. ती पोचली तेव्हा अनिरुद्धचं डोकं मागे पडलं होतं आणि तोंडात पाणी जात होतं. तिने त्याला कॉलरला धरून कयाकवर आडवा ओढला. कुठून आली ती ताकद, देव जाणे. दांड्यावर पोचल्यावर तो ओकला, थरथरला आणि पहिलं वाक्य बोलला, "त्यांनी माझा हात सोडला."

"कोणी?"

"त्या... अक्कांनी. धरला होता माझा हात. आणि सोडून दिला. ढकललंच मला."

वृषालीने त्याला कुशीवर वळवलं. अक्का आणि पाण्यात कोणाचा हात सोडणार? त्याला भ्रम झाला असेल, असं तिला वाटलं. आणि भ्रम नसेल तर काय, हा विचार ती करू शकली नाही.

*

धुकं विरल्यावर मासेमारीच्या एका होडीतून शोधायला गेले, तेव्हा अक्का दांड्याबाहेरच्या कासवखडकावर सापडली. वडिलांबरोबर शिनाणे काढायची तोच खडक. पाण्याबरोबर वाहत जाऊन तिने तो पकडला होता. अंग निळं पडलेलं, ढोपरं सोललेली. डाव्या हाताची मूठ खांद्यावरच्या दिव्यावर घट्ट आवळलेली होती. होडीत घेतल्यावरही ती मूठ सोडवायला वृषालीला एकेक बोट उघडावं लागलं. आत दिवा लाल लुकलुकत होता.

घरी अंगावर दोन गोधड्या, पायांना गरम पाण्याची पिशवी. डॉक्टर येऊन ढोपरं बांधून गेला. होडीवाले, बायका, सगळे चहा पिऊन पांगले तेव्हा दुपार झाली होती.

"तो जगलो मा?" अक्काने विचारलं.

"जगलो. पण म्हणता, तू तेचो हात सोडलंस."

"सोडलंय." अक्काने गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. "दिवो माझ्या खांद्यार. लाल झालो. माका वाटला, झाला माझा. धा मिंटाच्या आत. तेचो हिरवो होतो, तेका तास होतो. मी आतां निपचित पडलंय तर तो माका धरून बुडतलो, म्हणान ढकललंय तेका. मगे तू हाक मारलंस."

"आयकलंस तू? मगे ओ कित्याक दिलंस नाय?"

"ओ दिली असती तर तू माझ्याकडे इली असतंस. जाणारीक घेवन काय करतलंस? म्हणान दिवोय झाकलंय." ती कूस बदलून वृषालीकडे वळली. "तू तेच्याकडे गेलंस तां बरां केलंस. माका वायट नाय वाटला."

वृषालीला वाटलं, तिने वाईट म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"पण एक सांगतंय," अक्का म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "आजवर पाण्यात मी कधी भियालंय नाय. बाबांनी खडकाखाली नेला तेव्हा नाय, वादळात नाय. आज भियालंय. हातपाय गळान गेले. घेरी इली काय भियान गळले, तां माका सांगूक येवचा नाय. पण तो दिवो माका ओळखी होतो मा? शिकवणी झाली म्हणान तूच सांगितलंस. तो खोटा कशाक सांगात?"

इथे गप्प बसणं सोपं होतं. अक्का झोपली असती, उद्या उठली असती, दिवा वृषालीने खाडीत फेकला असता. कोंबडं झाकून ठेवायची तिला आता सवयही झाली होती. पण आपलं हृदय आपल्याला सोडून चाललंय असं समजून एक बाई दुसऱ्याचा जीव वाचवायला दिव्यावर मूठ आवळून बसली होती, आणि ते हृदय तिचं नव्हतंच.

"अक्का, तो दिवो तुका ओळखी नाय," वृषाली म्हणाली. "तू काढून ठेवलंस तो मी लावलंय. तीन दिवस. तो माका शिकलो."

मग तिने सगळं सांगितलं. घेरी, अहवाल, परवाना, भीती. सांगताना मध्येच हुंदका फुटला तो थांबेना. अक्का शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, असं तिला वाटत होतं. अक्काने गोधडीतून हात बाहेर काढून स्वतःच्या छातीवर ठेवला, परक्याच्या दारावर ठेवावा तसा.

"म्हणजे माझा काळीज कसा आसा," ती म्हणाली, "तां अजून कोणाकच म्हायत नाय?"

वृषालीने मान हलवली.

"आण ती पट्टी. लाव."

*

तीन दिवस अक्का कुठे गेली नाही आणि वृषालीलाही तिने कुठे जाऊ दिलं नाही. पट्टी खाजायची, ती शिव्या द्यायची, पण काढायची नाही. चौथ्या दिवशी मुक्ता स्वतः आली. वृषालीने तिला फोनवरच सगळं कबूल केलं होतं. मुक्ता चिडली होती आणि चिडायचा तिला हक्क होता. पण अक्कासमोर बसल्यावर तिने चिडणं बाजूला ठेवलं.

"ठोके हळू आहेत ते बुडीचेच," ती म्हणाली. "त्यात काही बिघाड नाही. पण झोपेत मध्येच चार-चार सेकंद ठोकाच पडत नाही. तो आजार आहे. हृदयाच्या डॉक्टरांना मी अहवाल दाखवलाय, पेसमेकर बसवावा लागेल."

"म्हणजे दोन्ही?" वृषालीने विचारलं.

"दोन्ही."

"मगे त्या दिवशी दिवो खरा सांगी होतो काय खोटा?" अक्काने विचारलं.

मुक्ताने दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. "ते आता कोणीच सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "तो ज्या हृदयाबद्दल बोलत होता ते पाण्यात नव्हतंच."

अक्काचा परवाना गेला. गटाला दोन महिने दांड्यापर्यंत जायला बंदी झाली आणि वृषालीच्या नावापुढे एक शेरा बसला. तिला तो योग्यच वाटला. मुक्ताने मात्र अक्काला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, की दिवा लाल दिसल्यावर नेमकं काय वाटलं? हजारो माणसं टाक्यांत बसवली होती, पण स्वतःचा दिवा स्वतःला दिसला तर माणूस काय करतो, हे कोणी तपासलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "बाये, आपला मराण आपल्या खांद्यार कोण टांगून ठेवता? मागे लाव तेका." मुक्ताने ते लिहून घेतलं. वृषालीने वाट बघितली नाही. तिने गटाच्या सगळ्या जॅकेटांच्या खांद्यावरचे खिसे उसवले आणि कॉलरच्या मागे, मानेच्या खाली, नवे शिवले. दुसऱ्याला दिसेल, घालणाऱ्याला दिसणार नाही, असे.

पेसमेकर बसवून दोन महिने झाल्यावर अक्का म्हणाली, "माका पाण्यात ने." ती विनंती नव्हती. डॉक्टरने कांदळवनाच्या आत, उथळ पाण्यात, बसून जायला परवानगी दिली होती. दिव्याची नव्याने शिकवणी झाली, या वेळी अक्काच्याच छातीवर. सकाळी भरतीच्या सुरुवातीला दोघी दोन माणसांच्या कयाकमध्ये बसल्या. अक्का पुढे, हातात वल्हं नाही, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. वृषाली मागे. निघताना अक्कानेच अंगठा ओला करून मानेमागचा दिवा चालू करून घेतला होता.

दोन्ही बाजूंनी कांदळ, मुळांमधून पळणारे खेकडे, वर एक घार. अक्का हात पाण्यात बुडवून बसली होती. वृषालीला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त मान, पांढरे झालेले केस आणि त्याखाली तो दिवा. धक्क्यापासून हिरवा होता. दुसऱ्या वळणावर, जिथून दांड्याचा आवाज ऐकू यायला लागतो तिथे, तो पिवळा झाला.

वृषालीने डोळे मिटून उघडले. पिवळाच होता.

अक्का समुद्राच्या आवाजाकडे मान उंचावून बसली होती. त्या वळणापर्यंत यायला ती दोन महिने झुरली होती, हे वृषालीपेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? अजून थोडं पुढे गेलं असतं तर तिला दांडा दिसला असता.

"काय म्हणता गो माझो दिवो?" मागे न वळता अक्काने विचारलं.

वृषालीचं वल्हं पाण्यात थांबलं. हिरवो, हा शब्द जिभेवर तयार होता.

"पिवळो," ती म्हणाली.

अक्काने पाण्यातला हात बाहेर काढला, साडीला पुसला.

"मगे फिरव."